काळांचा तक्ता पाठ, पण वाक्य अडते

प्रौढ वयात इंग्रजी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या सोसायटीच्या सभागृहात घरकाम करणाऱ्या महिला आणि सुरक्षारक्षक यांच्यासाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. १२ काळांचा तक्ता सगळ्यांकडून घोटून घेतला आहे. तो ते न अडखळता म्हणतात, पण 'उद्या मी येणार नाही' एवढे सांगायचे झाले तरी 'आय नॉट कम टुमॉरो' असेच तोंडातून येते. व्याकरण शिकवणे सोडून द्यावे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : व्याकरण मुळीच सोडू नका, पण तो तक्ता काही महिने बाजूला ठेवा. तक्त्यात क्रियापदाची होकारार्थी रूपे ओळीने मांडलेली असतात. रोजच्या बोलण्यात मात्र नकार आणि प्रश्न यांचीच गरज सारखी पडते, आणि मराठी माणूस नेमका तिथेच अडतो. मराठीत 'मी येते' याचे 'मी येत नाही' सहज होते, आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' जोडला की भागते. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत 'ॲम', 'इज', 'आर' ही क्रियापदे सोडली तर साध्या क्रियापदाला 'नॉट' थेट जोडता येत नाही. मध्ये 'डू', 'डिड', 'विल', 'कॅन' असे एखादे साहाय्यकारी क्रियापद आणावे लागते, आणि प्रश्न विचारताना तेच कर्त्याच्या आधी जाते. आपल्या विद्यार्थिनीच्या वाक्यात उणीव आहे ती एवढ्या एका शब्दाची : 'आय वोन्ट कम टुमॉरो'.

ही गोष्ट समजावण्यासाठी आपल्याच भाषेचा आधार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. फळ्यावर 'मी येत नव्हते, ती येत नव्हती, आम्ही येत नव्हतो' ही वाक्ये एकाखाली एक लिहा आणि बदलते काय व तसेच राहते काय, हे त्यांनाच विचारा. 'येत' तसेच राहते आणि सगळा बदल 'नव्हते'वर पडतो, हे कोणीतरी हमखास ओळखेल. त्याखाली 'शी डिडन्ट कम' लिहा. भूतकाळाची खूण 'डिड'ने उचलली, म्हणून 'कम' मूळ रूपात राहिले आणि 'डिडन्ट केम' होत नाही, हे मग फारसे समजावावे लागत नाही. प्रौढ शिकणारा एक संपूर्ण व्याकरण आधीपासून वापरत असतो. त्याला त्याचे नाव ठाऊक नसते इतकेच. ते त्याच्यासमोर उलगडून दाखवले की परक्या भाषेची भीती बरीच ओसरते. वर्गात मराठी बोलूच नये, हा आग्रह नवशिक्या प्रौढांच्या बाबतीत मला पटत नाही.

यानंतर लगेच दोघादोघांच्या जोड्या लावून सराव घ्या, आणि वाक्ये त्यांच्या कामातलीच द्या. सुरक्षारक्षकांसाठी 'डिड यू लॉक द गेट?', 'हूम डू यू वॉन्ट टू मीट?', महिलांसाठी 'कॅन आय कम ॲट टेन टुमॉरो?', 'डू यू वॉन्ट चपातीज टुनाइट?'. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूतकाळ, 'विल' आणि 'कॅन' एवढ्यांचे नकार आणि प्रश्न तोंडात बसले की वर्षभराची बेगमी झाली; 'हॅड बीन कमिंग'सारखी रूपे खुशाल थांबू द्यावीत. बोलणारीला वाक्याच्या मध्येच तोडू नका. तिचे बोलणे पूर्ण होऊ द्या, मग तेच वाक्य बरोबर करून आपण म्हणा आणि तिला पुन्हा म्हणायला सांगा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली याच पुण्यात दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रशाळा काढली होती. आपण चालवत असलेले काम त्याच परंपरेतले आहे आणि मला त्याचे मोल फार वाटते.

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी ऑपरेटरचा सुपरवायझर झालो. आता पाळीचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो. 'द मशीन हॅज स्टॉप्ड ॲट नाइन' आणि 'द मशीन इज डाउन सिन्स थ्री अवर्स' या माझ्या वाक्यांना साहेबांनी लाल खूण केली, पण चूक काय ते कळले नाही.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपली दोन्ही वाक्ये मराठीच्या नियमाने शुद्ध आहेत, म्हणूनच चूक दिसत नाही. 'मशीन नऊ वाजता बंद पडले आहे' असे आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत मात्र 'ॲट नाइन', 'यस्टरडे' अशी होऊन गेलेली वेळ वाक्यात आली की 'हॅज' चालत नाही, साधा भूतकाळच लागतो : 'द मशीन स्टॉप्ड ॲट नाइन'. वेळ सांगायची नसेल आणि मशीन अजून बंदच असेल, तर 'द मशीन हॅज स्टॉप्ड' बरोबर आहे.

दुसऱ्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. 'नऊ वाजल्यापासून' आणि 'तीन तासांपासून' या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना 'सिन्स' येते आणि मधला कालावधी सांगताना 'फॉर' येते. शिवाय तेव्हापासून आतापर्यंत चालत आलेल्या स्थितीला मराठीत 'आहे' पुरते, इंग्रजीत 'हॅज बीन' लागते. म्हणून 'द मशीन हॅज बीन डाउन सिन्स नाइन' किंवा 'द मशीन हॅज बीन डाउन फॉर थ्री अवर्स' असे लिहावे. जुने अहवाल काढून त्यांतील प्रत्येक 'सिन्स'च्या पुढे घड्याळातली वेळ किंवा तारीख आहे की तासांचा हिशेब आहे, एवढेच एकदा तपासा. आपल्या लिखाणातल्या बऱ्याच लाल खुणा तिथेच सापडतील.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. सून आणि नातवंडे फाडफाड इंग्रजी बोलतात. या वयात शिकणे जमेल का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : जमेल. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले; आपल्या पिढीची सुरुवातच पाचवीत झाली, तेव्हा नातवंडांशी तुलना करू नये. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांच्या डच शिकण्याचा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीच्या काही महिन्यांत किशोरवयीन मुले आणि प्रौढ लहान मुलांच्या पुढे असल्याचे आढळले. मुलांनी ते अंतर नंतर भरून काढले. उच्चार नातवासारखे होणार नाहीत, पण समोरच्याला कळतील असे नक्की होतील.

प्रश्न : सदाशिव पेठेत माझी खानावळ आहे. परप्रांतांतले बरेच विद्यार्थी जेवायला येतात. मी रोज शब्दकोशातले २० शब्द वहीत उतरवून पाठ करते, पण आठवड्यात सगळे विसरते.
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर : हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. पाठ केलेल्यातले पुष्कळसे पहिल्या दिवसातच निसटते आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ते टिकते, असे त्यांना दिसले. शब्दकोशातला जो शब्द आपल्याला दिवसभरात कुठे वापरायचाच नाही, तो त्या निरर्थक अक्षरांहून फारसा वेगळा नसतो. रोज पाचच शब्द घ्या, पण ते खानावळीत त्याच दिवशी लागणारे असू द्या.

खरे तर नामांची आपल्याला ददात नाही. बिल, ॲडव्हान्स, पार्सल, डिस्काउंट हे सगळे आपण रोज बोलता. इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याला 'करणे' जोडून आपण काम भागवतो, त्यामुळे वाक्य चालवणारी 'गिव्ह', 'टेक', 'कीप', 'ब्रिंग', 'पुट' ही छोटी क्रियापदे आणि 'ऑन', 'ॲट', 'इन' हे बारीक शब्द तेवढे कच्चे राहतात. ढाक्यात अध्यापन केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतही खरा भार अशाच लहान शब्दांवर आहे. म्हणून सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा : 'शॅल आय पॅक इट?', 'वी हॅव रन आउट ऑफ भाकरी', 'प्लीज पे ऑन द फिफ्थ', 'वी क्लोज ॲट थ्री', 'वी आर क्लोज्ड ऑन संडे नाइट'. वहीच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य आणि उजव्या बाजूला इंग्रजी असू द्या. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने उजवी बाजू झाकून वाक्य मोठ्याने म्हणा. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याला न कळलेले काही म्हटले, तर 'कॅन यू से दॅट अगेन?' असे निःसंकोच विचारा आणि त्याचे ते वाक्य दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवा.