ट्रेलो, नोशन की एक्सेल? आधी फाइल कुठे अडते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर सल्लागाराचं ऑफिस, तुम्ही धरून चार माणसं, महिन्याला नव्वदच्या आसपास जीएसटी रिटर्न, शिवाय टीडीएस आणि इन्कम टॅक्स. निरोप व्हॉट्सअॅपवर येतात, यादी एक्सेलमध्ये आहे, तरी दर महिन्याच्या १९-२० तारखेला रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. तर कोणतं अॅप घ्यावं?

अशा लहान ऑफिसांना कामाची घडी बसवून देणं हा माझा उद्योग आहे, त्यामुळे सरळ सांगतो. ट्रेलो घ्या, म्हणजे कामाची कार्डं एका यादीतून दुसरीत सरकवायचं अॅप; फुकटवालं पुरेल. नोशन सुंदर आहे, पण सजवण्यातच पहिला महिना जातो. मात्र अॅप कोणतं यापेक्षा ते कशासाठी लावायचं हे महत्त्वाचं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुमच्या एक्सेलमध्ये नव्वद ओळी आहेत आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘पेंडिंग’ लिहिलेलं असणार. या पेंडिंगच्या पोटात किमान चार गोष्टी असतात. पार्टीने, म्हणजे तुमच्या अशिलाने, बिलंच पाठवलेली नाहीत. बिलं आलीत, पण टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री व्हायची आहे. एंट्री झाली, पण खरेदी टूबीशी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळत नाही. आणि सगळ्यात वैताग आणणारी चौथी: रिटर्न तयार आहे, चलन भरलंय, फक्त पार्टी फोन उचलत नाही म्हणून ओटीपी राहिलाय. पहिल्या आणि चौथ्या फाइलला फोन हवा, दुसरीला टायपिंग, तिसरीला तुमचं डोकं. चारही एकाच शब्दाखाली गेल्यावर सकाळी आल्यावर कोणी काय हातात घ्यायचं हे कळणार कसं? मग समोर जी दिसेल ती, किंवा ज्याचा फोन येईल त्याची फाइल उघडली जाते.

म्हणून ट्रेलोत एकच बोर्ड करा आणि त्यावर डावीकडून उजवीकडे याद्या लावा: कागद यायचेत, एंट्री, जुळवणी, तपासणी, पार्टीकडे अडलंय, भरलं. प्रत्येक रिटर्नचं एक कार्ड, आणि ते हातात असेल त्याने पुढे सरकवायचं. बस. ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यांतली, ताईची ओनो यांनी तिथे रुजवलेली. पुढे ती सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली. ट्रेलो २०११ साली आलं, ते हाच फळा कॉम्प्युटरवर घेऊन. रिटर्न भरणाऱ्या ऑफिसला ती सॉफ्टवेअरवाल्यांइतकीच बसते, कारण आपल्याकडेही माल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, फक्त तो कागदाचा असतो.

कार्डावर काय लिहायचं यात बरेच जण घोळ घालतात. ‘अमुक ट्रेडर्स जीएसटी’ एवढंच लिहिलं तर ते कार्ड मुकं. वर लिहा: ‘अमुक ट्रेडर्स, जून, थ्रीबी’ (थ्रीबी म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न). आत पुढची एकच कृती लिहा, ती करणाऱ्याच्या नावासकट: ‘वाहतूकदाराची दोन बिलं टूबीत नाहीत, पार्टीला विचारणे, सोनाली’. कृती झाली की ती ओळ खोडून पुढची. उद्या सोनाली रजेवर असली तरी दुसऱ्याला फाइल पहिल्यापासून वाचावी लागणार नाही. या एका सवयीने वाचणारा वेळ अॅपच्या बाकी सगळ्या सोयींपेक्षा जास्त आहे, असं माझं मत.

आता तारखा. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, ११, टूबी तयार होतं १४ ला, थ्रीबीची २०. म्हणजे जुळवणीला खरे दिवस सहाच, त्यात रविवार आला तर पाच. तुमची १९ तारखेची रात्र या सहा दिवसांत तयार होते असं वाटतं, पण ती तयार होते १ ते ८ च्या दरम्यान, जेव्हा कागद मागायचे राहतात. त्यातच ७ तारखेला टीडीएसचं चलन असतं, त्यामुळे सगळं ऑफिस तिकडे गुंतलेलं. म्हणून कार्डाला ड्यू डेट २० ची देऊ नका. ‘कागद यायचेत’मध्ये असताना ५ ची द्या, पुढे सरकवताना तारीख बदला. पाच तारखेला ज्या पार्ट्यांची कार्डं लाल होतात त्या दर महिन्याला जवळपास त्याच असतात, हे तुम्हाला तीन महिन्यांत दिसेल. त्यांना फोन ३ तारखेला करायचा. उशीर झाला तर लेट फी दिवसाला ५० रुपये, निल, म्हणजे व्यवहारच नसलेलं, असेल तर २०, आणि कर थकला तर वर १८ टक्क्यांनी व्याज. हे पार्टीला तेव्हाच ऐकवा, २० ला ऐकवून काय उपयोग. तिमाहीवाल्या पार्ट्यांना वेगळ्या रंगाचं लेबल लावा, त्यांचं गणित निराळं: तिमाही संपल्यावर जीएसटीआर-१ ची १३, थ्रीबीची महाराष्ट्रात २२.

यापुढचा भाग लोकांना पटत नाही, पण खरा फरक तिथेच पडतो. ‘जुळवणी’ या यादीवर मर्यादा घाला. दोन माणसं जुळवणी करत असतील तर तिथे एका वेळी सहापेक्षा जास्त कार्डं नकोत. सातवं आणायचं तर आधी एक पुढे गेलं पाहिजे. ट्रेलोत लिस्ट लिमिट्स नावाची जोड आहे, मर्यादा ओलांडली की यादीचा रंग बदलतो.

यामागे साधं गणित आहे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये ते सिद्ध केलं: रांगेतली सरासरी कामं म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. ऑफिसातून दिवसाला दहा रिटर्न बाहेर पडतात आणि साठ फाइली उघड्या आहेत, तर एक फाइल सरासरी सहा दिवस टेबलावर राहणार. तीसच उघड्या ठेवल्या तर तीन दिवस. माणसं तीच, वेग तोच.

यावर हुशार माणूस लगेच विचारतो, ‘उरलेल्या तीस बाहेर थांबल्या, म्हणजे थांबल्याच ना?’ थांबल्या. पण न उघडलेली फाइल कोणाचं डोकं खात नाही. अर्धी उघडलेली खाते. ती पुन्हा हातात घेताना कुठवर आलो होतो हे आठवायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि अशी फाइल दिवसातून तीनदा उघड-बंद झाली तर अर्धा तास निव्वळ आठवण्यात. शिवाय मर्यादा असली की ज्या फाइलचे कागद पुरे नाहीत ती आत घ्यायला माणूस आपोआप कचरतो. तेच हवंय.

‘पार्टीकडे अडलंय’ ही यादी मात्र रोज रिकामी करायला बसायचं. सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी बोर्डासमोर उभं राहायचं आणि उजवीकडून सुरुवात करायची: आधी ओटीपीवाल्यांचे फोन, मग तपासणी, मग जुळवणी. भरायच्या बेतात आलेलं आधी बाहेर काढा. बहुतेक ऑफिसं बरोबर उलटं करतात, नवीन कागद आले की त्यावर तुटून पडतात.

व्हॉट्सअॅप बंद करा असं सांगणारे सल्ले मी सोडून दिलेत. पार्टी तिथेच फोटो पाठवणार, त्यातही निम्मे वाकडे. एकाच माणसाकडे ऑफिसचा नंबर द्या. त्याने साडेअकरा आणि साडेचारला कार्डाला फोटो जोडायचे आणि पार्टीला ‘मिळालं’ एवढं कळवायचं. बाकीच्यांचे फोन तेव्हा शांत. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरोची पद्धत तुम्ही विचारली आहे; एंट्रीला ती छान, जुळवणीला नको. हिशोबाचा धागा हातात आलेला असताना घंटा वाजली की चिडचिडच होते.

एक ताकीद. कार्डावर पोर्टलचे पासवर्ड, आधार, बँकेचा तपशील टाकायचा नाही. तुमच्या त्या एक्सेलमध्ये दुसऱ्या शीटवर सगळ्या पार्ट्यांचे पासवर्ड असतील, खात्री आहे माझी, सगळीकडे असतात. ते आधी बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये तीच शीट असते, हे लक्षात ठेवा.

सुरुवात २१ तारखेनंतर करा. १२ ला बोर्ड उघडलात तर १५ ला सगळे परत एक्सेलवर जातील. पहिल्या महिन्यात फक्त मासिक थ्रीबीची कार्डं घ्या, टीडीएस आणि इन्कम टॅक्स नंतर. जुनी एक्सेल फाइल तोवर ठेवा, पण त्यात कोणी काही लिहायचं नाही. दोन ठिकाणी नोंद करायला लावलीत तर मुलं दोन्हीकडे करणार नाहीत.

आणि एक सांगा, तुमच्या पार्ट्यांपैकी किती जणांची टॅली त्यांच्याकडेच असते? त्यांच्यासाठी ‘एंट्री’ची यादी वेगळी लागते. कळवलंत तर ती कशी लावायची ते लिहितो.