बासरी वाजवतो, पण शाकुहाची (जपानची उभी धरून वाजवायची बांबूची बासरी) कधी हातात घेतलेली नाही. न वाजवता थेट जपानहून मागवावी का?

मागवा, बिनधास्त. "वाद्य फुंकून बघितल्याशिवाय घेऊ नये" असं कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलेलं दिसतंय. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत ऐकत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साडू नागपूरचे. बासरी उत्तम वाजवतात, त्याबद्दल वाद नाही. ते टोकियोला आमच्याकडे आले तेव्हा मी नुकताच शाकुहाची शिकायला लागलो होतो. माझं वाद्य सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, निवडून आणलेलं, पैसे देण्याआधी मी ते फुंकलंही नव्हतं. साडूंना हे काही पटेना. "भाजी तरी बघून घेता की तीही अशीच?" म्हणाले. शेवटी त्यांना एका दुकानात घेऊन गेलो.

नवख्याच्या शाकुहाचीतून सुरुवातीला नुसती हवा येते. वरचं तोंड उघडं असतं, ते हनुवटीनं बरंचसं झाकायचं आणि समोरच्या तिरक्या कापलेल्या कडेवर फुंकर मारायची. बासरीसारखं आयतं गोल भोक नाही. पण साडूंच्या ओठांना सवय, आवाज लगेच लागला. दुकानदार खूश, साडू त्याहून खूश. मोबाइलवर पांढरी दोन पट्टीचा तानपुरा लावून त्यांनी समोरच्या सगळ्या फुंकून पाहिल्या, आणि जी सगळ्यात कमी फुंकरीत बोलली, वरच्या सप्तकात खणखणीत वाजली, ती उचलली.

आता यात तपासलं काय? शाकुहाचीचा कस लागतो तो 'रो'वर, म्हणजे सगळी भोकं बंद करून येणाऱ्या खालच्या स्वरावर. तो भरदार काढायला नवख्याला महिनोन्‌महिने जातात. साडूंनी तो धड काढलाच नाही, वरच्या सप्तकावरच भाळले. सुराचंही तेच. मान खाली घातली की स्वर उतरतो, वर केली की चढतो, आणि चांगला अर्धा सूर किंवा जास्तही हलतो. हा त्या वाजवण्याचा गाभाच आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी ट्यूनरवर जे दिसतं ते तुमच्या मानेचं माप असतं, वाद्याचं नव्हे.

पुढचा मे महिना आम्ही नागपुरात होतो. साडूंनी कपाटातून शाकुहाची काढली. मागच्या बाजूनं, वरच्या कडेपासून थेट अंगठ्याच्या भोकापर्यंत, केसाएवढी रेघ. त्यावरून नख फिरवत म्हणाले, "काही नाही जी, बांबूची नस आहे." फुंकलं तर रो फुस्स. नस वगैरे काही नाही, तडा होता. ही वाद्यं मादाके बांबूच्या मुळाकडच्या जाड भागाची असतात. आतून 'जी' म्हणजे लुकणाचा थर देऊन, घासून पोकळी सुरात आणतात आणि वर उरुशी लाख चढवतात. हवा कोरडी झाली की बांबू आकसतो, आतला थर आकसत नाही, मग बांबू उलतो. जपानातही हिवाळ्यात हीटरच्या खोलीत हेच होतं. वापर नसताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवणं हा साधा उपाय. मी तो सांगितला होता, पण साडूंनी शोकेसमध्ये ठेवली, पाहुण्यांना दिसावी म्हणून. (गंमत म्हणजे नागपूरचा कूलर बांबूला चांगला, एसी वाईट.)

असो, तुमचं बघू. पहिली घ्याल ती 54.5 सेंटिमीटरची, म्हणजे जुन्या जपानी मापात एक शाकू आठ सुन. तिचा रो पांढरी दोन. पुढे चार भोकं, मागे एक. एकेक उघडत गेलात की सा, कोमल ग, म, प, कोमल नी येतात, म्हणजे धानी राग आयता हाताखाली. किंको की तोझान, म्हणजे शाकुहाचीचं कोणतं घराणं, हे गुरू ठरवेल. दोन्हींचं नोटेशन वेगळं आहे, वाद्यात नवख्याला जाणवेल असा फरक नाही. विकणारा स्वतः वाजवणारा हवा. त्याच्याकडून तुम्हाला मिळणाऱ्याच नगाचं रेकॉर्डिंग मागा, त्यात रो लांब धरायला सांगा. परत घेणार का, तडा गेला तर बांधून देणार का, हे लेखी घ्या. एवढे पैसे घालायचे नसतील तर एबीएस प्लास्टिकची घ्या. ती तडकत नाही, आणि नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

ऑक्शनवरची 'आजोबांची जुनी शाकुहाची' मात्र नको. पट्टीचा भरवसा नसतो, मधला जोड सैल असतो, आणि फुंकायच्या कडेला हस्तिदंत बसवलेलं असलं तर भारतात आणताना कायद्यात अडकाल. रेड्याचं शिंग असेल तर ठीक.

एक मान्य करायला हवं. 'जिनाशी' म्हणजे आत लुकण न भरलेली घ्यायची असेल, तर माझं वरचं सगळं सोडून द्या. तिची पोकळी बांबूची मूळचीच असते, प्रत्येकीचा स्वभाव निराळा, ती हातात घेऊन वाजवूनच ठरवावी, आणि तेही आधी वाजवता येत असेल तर. हे वाचून साडू म्हणतील, "बघा, शेवटी माझंच खरं." तर साडूभाऊ, तुम्ही घेतलीत ती लुकणाचीच होती.