ग्रुप निगेटिव्ह, पहिलं राहिलं नाही, आता काय?

प्रश्न: डॉक्टर, मी डिचोलीची. माझा ग्रुप ओ निगेटिव्ह, मिस्टरांचा बी पॉझिटिव्ह. पाचवा महिना लागलाय. दोन वर्षांमागे अडीच महिन्यांवर गर्भपात झाला, पिशवी साफ केली, तेव्हा इंजेक्शन दिलं की नाही ते आठवत नाही. सासूबाई म्हणतात पत्रिका बघितली पण रक्त जुळतं का ते कोणी बघितलंच नाही. बाळाला धोका आहे का?

उत्तर: सासूबाईंना सांगा, असल्या जोडप्यांची दोन-दोन धडधाकट मुलं गावोगाव आहेत. मला खटकलं ते तुमचं 'आठवत नाही'.

कसं असतं, बाळ पॉझिटिव्ह असलं आणि त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, बहुतेक वेळा डिलिव्हरीत पण गर्भपातातही, तर आईचं शरीर ते परकं समजून अँटीबॉडीज बनवतं. त्या खेपेला सहसा काही होत नाही, त्रास पुढच्या बाळाला, कारण अँटीबॉडीज वारेतून पलीकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात, मग ॲनिमिया, कावीळ, फारच झालं तर अंगभर सूज. म्हणजे तुमची ही दुसरी खेप धरायची, पहिली नव्हे.

या आठवड्यातच इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट करा, तुमच्या रक्तात अशा अँटीबॉडीज बनल्यात का ते बघणारी, साधी रक्ताचीच आहे. निगेटिव्ह आली (इथे निगेटिव्ह म्हणजे चांगलं हं, ग्रुपशी घोळ नको) तर 28व्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन (अँटीबॉडीज बनू न देणारं, गर्भपातानंतर दिलं की नाही आठवत नाही म्हणता तेच), आणि डिलिव्हरीनंतर नाळेच्या रक्तातून बाळाचा ग्रुप बघतात, पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत आणखी एक. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर इंजेक्शनचा उपयोग नाही, अँटीबॉडीज आधीच बनल्यात, मग सरळ बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा. अशा वेळी अँटीबॉडीज वाढतात का ते बघत राहतात, डॉपलर सोनोग्राफीवर बाळाच्या डोक्यातल्या रक्ताचा वेग बघून ॲनिमियाचा अंदाज येतो, अगदीच गरज पडली तर पोटातल्या बाळालाही रक्त देतात.

गंमत म्हणजे आई ओ आणि बाळ बी असलं तर बाळाच्या पेशी आईच्या रक्तात टिकायच्या आधीच फुटतात, त्यामुळे धोका थोडा कमीच होतो, पण त्यावर विसंबून इंजेक्शन चुकवू नका.

हे इंजेक्शन फ्रिजमधलं, गावातल्या फार्मसीत असेलच असं नाही. डिलिव्हरीची तारीख चवथीच्या आसपास असली तर आधीच सांगून ठेवा, 72 तास कोणाच्या सुट्टीसाठी थांबत नाहीत. आणि कपाटातलं ते जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, कधीकधी इंजेक्शनच्या बाटलीचा स्टिकर त्यावरच चिकटवलेला असतो. सापडला तरी टेस्ट कराच.