टाच, घोटा आणि पाऊल: दुखणं नेमकं कुठे आणि कधी, यावरून उपचार ठरतो

तुमचे तीन प्रश्न आहेत. काही महिन्यांपासून सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही आणि एक्स-रेत 'हाड वाढलंय' असं आलंय, तर ऑपरेशन करावं लागेल का? त्याच पायाचा घोटा पूर्वी मुरगळला होता आणि अजूनही अधूनमधून वळतो, त्याला काय करायचं? आणि वडिलांना मधुमेह आहे, त्यांचं एक पाऊल आठवड्याभरापासून सुजून लाल झालंय, पण दुखत नाही म्हणून ते दाखवायला तयार नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पायाचीच दुखणी जास्त बघते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी वडिलांचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्यांना आजच डॉक्टरकडे न्या. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव कमी होते, म्हणून 'दुखत नाही' हा दिलासा नसतो, उलट जास्त काळजीचं लक्षण असतं. तुमच्या हाताच्या पालथ्या बाजूने त्यांची दोन्ही पावलं चाचपून बघा. सुजलेलं पाऊल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल, तर शार्को फूट नावाचा विकार असू शकतो. यात पावलातली हाडं कमकुवत होऊन मोडतात, सांधे सरकतात, आणि माणूस त्यावर चालत राहिला तर पायाची कमान कायमची खचते. सुरुवातीला एक्स-रे साधा येऊ शकतो, त्यामुळे 'एक्स-रेत काही नाही' एवढ्यावर घरी परतू नका. वेळेत कळलं तर प्लास्टर घालून, पायावरचा भार काढून पाऊल वाचवता येतं. जंतुसंसर्ग असला तरी तोही तितकाच तातडीचा. सूज वर पोटरीपर्यंत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हेही बघावं लागतं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्या पायावर वजन नको, मालीश नको, आणि शेक तर अजिबात नको. जाणीव नसलेल्या पायाला भाजलेलंही कळत नाही.

आता तुमची टाच. उठल्यावरची पहिली पावलं असह्य, थोडं चालल्यावर बरं वाटतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका, हे वर्णन प्लांटर फॅसायटिसचं आहे. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूला सुरू होऊन बोटांपर्यंत जाणारा एक जाड पट्टा तळपायात असतो. कमान तोच तोलून धरतो. भार अचानक वाढला, वजन वाढलं, पोटरी आखडलेली असली, किंवा कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहावं लागलं, की हाडाला चिकटतो तिथे तो दुखावतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहिल्यामुळे तो आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो.

वाढलेल्या हाडाबद्दल स्पष्ट सांगते: त्याची भीती मनातून काढून टाका. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत असं हाड दिसतं, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून ते हाड कापायचा विचार सध्या नको. बहुतेकांची टाच ऑपरेशनशिवाय वर्षभराच्या आत बरी होते. मात्र 'वर्षभर' हा शब्द मनावर घ्या. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारे लोक मला सारखे भेटतात, आणि त्यांचंच दुखणं लांबतं.

पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने बोटं नडगीकडे ओढा, तळव्यातला पट्टा ताणलेला हाताला लागला पाहिजे. दहापर्यंत मोजेपर्यंत धरा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातली पहिली खेप पहिलं पाऊल टाकण्याआधीच. भिंतीला हात लावून पोटरी ताणणंही रोज करा.

ताणण्यासोबत ताकदही लागते. पायरीवर चवड्याने उभं राहा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. तीन सेकंदांत टाच वर न्या, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली आणा. दिवसाआड करा. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा बरे होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणजे याने लवकर आराम पडतो, आणि रोज दुखणाऱ्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर खेपा कमी करा.

घरात अनवाणी चालू नका, टाचेखाली मऊ आणि कमानीला आधार देणारी चप्पल वापरा. वेदनाशामक गोळ्या काही दिवसांसाठी ठीक, पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, पण ते वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. मी ते शेवटी शेवटी सुचवते, पहिल्याच भेटीत नाही. सहा महिने नेटाने व्यायाम करूनही अडलं, तर शॉकवेव्ह उपचाराबद्दल (दुखऱ्या जागेवर यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देणं) विचारा.

टाचेची सगळीच दुखणी मात्र यातली नसतात. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये दाबल्यावर कळ आली, आणि दुखणं चालल्यावर कमी न होता वाढत गेलं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. रात्री पडल्या पडल्या जळजळ, मुंग्या येत असतील तर नस दबलेली असू शकते. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात, आणि सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त आखडलेली असते, अशांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. अनेक वर्षं टाचेचेच उपचार होत राहतात आणि मूळ आजार कंबरेकडे असतो, हे मला फार खटकतं. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागून दुखत असेल तर बहुधा हाडाच्या वाढीच्या जागेवर ताण येत असतो. खेळ थोडा कमी केला की ते बरं होतं.

दुखणं टाचेच्या मागे, वरच्या जाड दोरीत, म्हणजे अकिलीस टेंडनमध्ये असेल तर उपचार वेगळा. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी पायरीवर टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मांडला: पंधरा-पंधराच्या तीन खेपा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दुखणं दोरीच्या मधोमध असेल तेव्हा हा उत्तम. ते अगदी हाडाला चिकटते तिथे असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, जमिनीवरच करा. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांनी ही दोरी कमकुवत होऊ शकते, म्हणून नुकत्याच घेतलेल्या औषधांची नावं डॉक्टरांना जरूर सांगा. मागून कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर दोरी तुटलेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

पावलाच्या पुढच्या भागाबद्दल थोडक्यात. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये बुटात खडा असल्यासारखं वाटतं, जळजळतं, बूट काढला की बरं वाटतं: मॉर्टन न्यूरोमा, म्हणजे बोटांमधली नस दबून जाड होणं, आधी रुंद बूट घ्या. चालणं-पळणं अचानक वाढवल्यावर चवड्याच्या वरच्या बाजूला एकाच बिंदूवर दुखतं: ताणाने हाडाला तडा. पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसतोच असं नाही. मध्यरात्री अंगठ्याचा सांधा लाल होऊन चादरीचाही स्पर्श सोसवत नाही: बहुधा गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साचून सांधा सुजणं. ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड साधारण येऊ शकतं, त्यामुळे झटका ओसरल्यावर ते पुन्हा तपासावं. आणि पन्नाशीच्या आसपास घोट्याची आतली बाजू दुखत कमान हळूहळू बसत असेल, एका पायावर टाच उचलता येत नसेल, तर उशीर करू नका. तिथला टेंडन सुरुवातीला सावरता येतो, सांधा ताठ झाल्यावर नाही.

राहिला तुमचा घोटा. मुरगळल्यावर एक्स-रे कधी काढायचा यासाठी १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी सोपे नियम दिले, ते सगळ्यांनाच माहीत असावेत. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाची मागची कड, खालून सहा सेंटिमीटरपर्यंत, किंवा त्याचं टोक दाबल्यावर दुखलं. पावलाच्या बाहेरच्या कडेचं करंगळीमागचं हाड किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखलं. किंवा लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत. यातलं एक जरी असेल तर एक्स-रे काढा. यातलं काही नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी. ज्याच्या पायाला जाणीव नाही, त्याला मात्र हे नियम लावू नका.

तुमच्यासारखा घोटा पुन्हा पुन्हा वळतो, त्याचं मुख्य कारण बहुतेकदा हे, की पहिल्या वेळी सूज उतरली आणि उपचार तिथेच थांबले. बाहेरच्या लिगामेंटला, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, इजा होते तेव्हा घोट्याची तोल सांभाळण्याची जाणही बोथट होते, आणि ती नुसत्या विश्रांतीने परत येत नाही. रोज एका पायावर अर्धा मिनिट उभं राहा. जमू लागलं की डोळे मिटून, मग उशीवर. धरायला जवळ भिंत असू द्या. रबरी पट्टा बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला वळवण्याचा व्यायाम दिवसाआड करा. निदान दोन-तीन महिने हे चालू ठेवा, आणि खेळताना तेवढे दिवस घोट्याला ब्रेस, म्हणजे आधार देणारं आवरण, घाला. टाचेचा व्यायामही आधी दोन्ही पायांवर करा, घोटा डळमळायचा थांबला की एका पायावर. एवढं करूनही सपाट जमिनीवर घोटा वळत राहिला, किंवा आत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लिगामेंट सैल आहे का आणि सांध्यातल्या कूर्चेला इजा आहे का, हे ते तपासतील, लागलं तर एमआरआय सांगतील.