युटातील बकहॉर्न वॉशची प्राचीन चित्रे साध्या गाडीने जाऊन पाहता येतील का?

भाड्याच्या साध्या गाडीने सॅन राफेल स्वेलच्या वाळवंटात शिरून बकहॉर्न वॉशची चित्रे पाहता येतील का, असे आपण विचारले आहे. रस्ता कोरडा असेल तर येतील. मात्र भाड्याच्या अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते, ते कलम आधी वाचावे.

ग्रीन रिव्हर गावात टाकी पूर्ण भरावी, कारण तेथून पश्चिमेला सलायनापर्यंत महामार्ग ७० वर १०० मैलांहून अधिक अंतरात पेट्रोल पंप नाही. १३१ क्रमांकाच्या फाट्यावर डांबरी रस्ता सोडून उत्तरेकडे गेले की सुमारे २० मैलांवर सॅन राफेल नदी आणि तिच्यावरचा १९३७ सालचा झुलता पूल लागतो. तो आता केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. गाड्या शेजारच्या पुलावरून जातात. पुढे चारेक मैलांवर रस्त्यालगतच चित्रांचा कडा आहे.

खरा प्रश्न गाडीचा नसून पावसाचा आहे. ऑक्टोबरमधील आमच्या पहिल्या खेपेस रात्री पाऊस झाला होता. सकाळी पाच मैलही गेलो नसू, तोच चाकांना चिकणमातीचे थर बसून गाडी आडवी घसरू लागली. आम्ही तेथूनच परतलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वाटेने निर्धास्त गेलो. जुलै ते सप्टेंबरमध्ये तर दूरवर पडलेल्या पावसानेही कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा उतरवून घ्यावा आणि माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी ठेवावे.

चित्रांपुढे मात्र घाई करू नये. आपल्या गेरूसारख्या तांबड्या रंगातल्या, पंखांसारखे हात उभारलेल्या त्या उंच आकृती दोन हजार वर्षांहून जुन्या मानल्या जातात. त्यानंतर कित्येक शतकांनी फ्रेमाँट या तिथल्या प्राचीन आदिवासी लोकांनी त्याच कातळावर टोचून आपली चित्रे कोरली. पुढील काळातील प्रवाशांनी तेथे स्वतःची नावे खरडली, हे पाहून मला फार वाईट वाटले होते. युटा राज्याच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये तज्ज्ञांनी ती खरडलेली नावे मोठ्या कष्टाने काढून टाकली. म्हणून कृपया कातळाला हातही लावू नका. बोटांवरचे तेल रंगात मुरते आणि ते काढता येत नाही.

परतताना आल्या वाटेने न जाता उत्तरेला कासल डेलकडे उतरावे. वाटेत वेज कड्यावरून नदीची खोल दरी दिसते.