‘ऋण सोडणे’ आणि ‘क्षमा करणे’

प्रश्न असा आला आहे : प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असं म्हणतात. इथे सरळ ‘क्षमा’ का नाही? आणि क्षमेचा विषय निघाला की ‘लीनता’ हा शब्द सोबत का येतो?

आज ‘ऋण’ आपल्याला गोड वाटतं, म्हणून आपण इथे अडखळतो. ‘मी आपला ऋणी आहे’, ‘तुमच्या ऋणातच राहू इच्छितो’ असं आपण आभार मानताना म्हणतो. प्रार्थनेतलं ऋण मात्र रोकडं आहे, देणं या अर्थाचं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकात) मूळ ग्रीक शब्द ‘ओफेइलेमा’ म्हणजे देणंच आहे. येशूच्या बोलीत, अरामी भाषेत, ‘होबा’ या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होते. लूकने आपल्या शुभवर्तमानात पहिल्या भागात ‘पापांची क्षमा’ म्हटलं, मत्तयाने कर्जाचं रूपक तसंच राहू दिलं. तेव्हा मराठी भाषांतरकारांनी ‘ऋण’ ठेवलं ते योग्यच केलं.

‘सोडणे’ तर मला फारच आवडतं. मूळ ग्रीक क्रियापद ‘आफिएमी’चा अर्थही सोडून देणे, जाऊ देणे असाच आहे. शिवाय मराठीत याचं उलट टोक आयतं सापडतं : राग धरणे, मनात अढी धरणे, डूख धरणे. मत्तयाच्या 18व्या अध्यायातला येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा, यासोबत वाचावा. राजाने ज्याचं 10,000 तलांतांचं कर्ज सोडलं, तो दास बाहेर पडतो आणि 100 दीनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरतो. एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे त्याला सुटलेलं कर्ज त्याला येणं असलेल्या रकमेच्या सहा लाख पट होतं! आणि हात कुठे, तर दुसऱ्याच्या गळ्यावर.

‘क्षमा’ शब्दही सुंदर आहे. त्यातल्या ‘क्षम्’ धातूचा अर्थ सहन करणे. पृथ्वीलाही संस्कृतात क्षमा म्हणतात. पण व्यवहारात आपण ‘मोठ्या मनाने क्षमा केली’ असं म्हणतो, आणि त्यात क्षमा करणारा नकळत एक पायरी वर जाऊन बसतो. ‘ऋण सोडले’ म्हणणाऱ्याला ती सोय नाही, कारण त्याच वाक्यात तो स्वतःही ऋणको आहे. लीनता क्षमेसोबत येते ती यामुळे. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 12व्या वचनात लीनता धारण करायला सांगितलं आहे आणि लगेच 13व्यात एकमेकांना क्षमा करायला. तिथे क्षमेसाठी ग्रीक क्रियापद ‘खारिस’ म्हणजे कृपा या शब्दावरून घेतलं आहे. ज्याने कृपा घेतली त्याने ती पुढे द्यायची.

‘लीन’ आणि ‘नम्र’ यांतही फरक जाणवतो. नम्र म्हणजे वाकलेला. लीन त्याच धातूतून आला आहे ज्यातून विलीन आणि तल्लीन आले. बायबलमध्ये लीनसाठी जो ग्रीक शब्द आहे त्या ‘तापेइनोस’चा मूळ अर्थ सखल, खालचा, आणि ग्रीकांच्या बोलण्यात तो बहुधा हिणवण्याचा शब्द होता. येशूने तोच शब्द स्वतःला लावला : ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे.’ हे वाचताना मी दर वेळी थांबतो.

आणखी एक बारकावा, क्रियापदाच्या काळाचा. ‘सोडतो’ नव्हे, ‘सोडले आहे’. मत्तयाच्या प्राचीन हस्तलिखितांतही क्रिया पूर्ण झाल्याचं रूप आहे. कुणाशी अबोला असताना ही ओळ म्हणायची वेळ आली की माझी जीभ याच दोन शब्दांवर अडते. म्हणून ‘ऋण’ समजत नाही या कारणाने ही ओळ सोपी करू नये असं माझं मत आहे. मुलांना शिकवताना अर्थ सांगायचा तर ‘देण्यावर पाणी सोडलं’ म्हणावं. हक्कावर पाणी सोडणं त्यांच्या कानावर आलेलं असतं.