शर्टाच्या खिशातल्या चार गोळ्या

पत्र: ताई, मी ६८ वर्षांची, लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आमचे हे ७४ वर्षांचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. दोन महिन्यांपूर्वी पायांवर सूज आली, दम लागायला लागला, ॲडमिट करावं लागलं. टूडी इकोत हार्टचं पंपिंग ३० टक्के निघालं आणि पाच गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरली, दम कमी झाला, पण आता हे खुर्चीतून उठत नाहीत. आंघोळ केली की अर्धा तास आडवे पडतात. नाक्यावर चहाला जाणंही बंद. रात्री मात्र चार-चार वेळा उठून गॅलरीच्या टोकाला संडासात जातात. मुलगा म्हणतो, बाबा आळशी झालेत, तू लाड करतेस. परवा शर्ट धुवायला काढला तर खिशात कागदाच्या पुडीत चार पांढऱ्या गोळ्या. विचारलं तर म्हणाले, "ही घेतली की अंगातला जीवच जातो. कुणाला सांगितलंस तर माझी शपथ आहे." मी काय करू?

उत्तर:

ताई, डॉक्टरांना हे कळायलाच हवं, आणि उद्याच. पण यजमानांच्या पाठीमागून नको. आज जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. मी शेजारी बसते." शपथ घालणाऱ्या माणसाला बहुतेकदा ओरडा खायची भीती असते. ओरडा बसणार नाही एवढी खात्री त्यांना तुमच्याकडून हवी आहे.

घाई का, ते सांगते. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. नावाच्या शेवटी 'लॉल' येत असेल, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, तर ती हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी आहे. सुरुवातीचे काही आठवडे तिने गळून गेल्यासारखं वाटतं, हे अगदी खरं आहे. बऱ्याच जणांना पुढे ती अंगवळणी पडते. पण हृदयाचं पंपिंग असं कमी झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअर असलेल्या माणसाचं आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांपैकी ती एक आहे, आणि ती अचानक सोडली तर ठोके एकदम वाढू शकतात, छातीत दुखू शकतं. त्याहून मला काळजी वेगळीच वाटते. डॉक्टर ही गोळी थोड्या डोसपासून सुरू करून साधारण दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. तपासताना ठोके जास्तच दिसले तर त्यांना वाटणार, डोस पुरत नाही, आणि ते तो वाढवणार. गोळी खिशात जातेय हे त्यांना कसं कळणार? चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम दोन देऊ नका. पुढे कुठल्या डोसपासून सुरू करायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

पण सगळा दोष या एकाच गोळीवर टाकायचं कारण नाही. तुमच्या पत्रातलं रात्री चार वेळा उठण्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अंधारात गॅलरीच्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारणारा ७४ वर्षांचा माणूस सकाळी ताजातवाना कसा असेल? पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, ते किती वाजता घेतात? संध्याकाळी घेत असतील तर ती सकाळी किंवा दुपारी घेतली तर चालेल का, एवढं विचारा. आणि रात्रीपुरतं खाटेजवळ भांडं ठेवा. त्यांना लाज वाटेल, पण रात्री गॅलरीत चक्कर येऊन पडण्यापेक्षा ते बरं. हीच गोळी जास्त झाली तर अंगातलं पाणी आणि सोडियम कमी होतं, उभं राहिलं की बीपी खाली येतं, आणि माणूस पुन्हा खाली बसतो. बाहेरून तो आळसच दिसतो.

माझ्या वडिलांना हाच आजार होता. "वय झालं" म्हणत आम्ही कित्येक महिने गप्प बसलो. शेवटी रक्त तपासलं तेव्हा शरीरातलं लोह खूप कमी निघालं. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या पेशंटमध्ये ते कमी असतं, हिमोग्लोबिन बरं असलं तरी. त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्या लागतात, आणि गोळ्यांनी फारसा उपयोग होत नाही, लोह शिरेतून द्यावं लागतं. वडील पुन्हा जिना उतरायला लागले, पण ते महिने गेलेच, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्ही विचारा. थायरॉइडचंही विचारा. आणि चहाचा नाका सोडलेला माणूस मनाने खचला आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. या आजारात ते पुष्कळदा होतं.

ओपीडीत नुसतं "थकवा आहे" म्हणू नका. "आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहावं लागतं, दोन महिन्यांपूर्वी असं नव्हतं" असं म्हणा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर चहाच्या आधी वजन, मग बसून आणि उभं राहून बीपी, आणि ठोके. वहीत तारखेसकट लिहा. दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलं, ठोके मिनिटाला ५० च्या खाली गेले किंवा आडवं झालं की दम लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, तर १०८ ला फोन करा.

आता मुलगा. त्याला रागावू नका, वडील असे बसलेले बघून तो घाबरलेला असावा. त्याला सांगा, निरोगी हृदय एका ठोक्यात आत भरलेल्या रक्तातलं १०० पैकी ५५ ते ७० बाहेर टाकतं, बाबांचं ३०. गच्च भरलेल्या बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस हौसेने खुर्चीत बसत नाही. यावेळी ओपीडीला त्यालाही घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. डॉक्टर हो म्हणाले तर संध्याकाळी त्यानेच वडिलांना गॅलरीत दाराजवळून जिन्यापर्यंत दोन-तीन फेऱ्या मारायला न्यावं. दमले की थांबायचं. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून.

सुकट, पापड, लोणचं यांतूनही मीठ पोटात जातं, ते कमीच ठेवा. आणि मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि यातल्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढलेलं असू शकतं.

उद्या जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घाला. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली पेनकिलर असेल तर तीही, कारण अशा बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी साठतं. कुणी दिलेला काढा असेल तर तोही. आणि ती कागदाची पुडी टाकू नका, त्याच पिशवीत ठेवा. ती त्यांनाच डॉक्टरांपुढे काढू द्या. काय झालं ते मला दोन ओळींत कळवा, मी वाट बघते.